तार कापू न देणारा संशोधक : जॉन कीली आणि त्याचं पाण्यावरचं इंजिन

पाण्यावर गाडी चालवल्याची बातमी दर दोन-चार वर्षांनी कुठून तरी येतेच. व्हिडिओ फिरतो, काटा हललेला दिसतो आणि लोक पैसे घेऊन उभे राहतात. हा खेळ जुना आहे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात जॉन वॉरेल कीली याने तो जवळजवळ पाव शतक चालवला.

कीलीचा जन्म १८३७ चा. सुतारकाम, यंत्रकाम असे हाताचे धंदे करून तो पोट भरायचा. १८७०च्या दशकात त्याने जाहीर केलं, की पाण्यातून आपल्याला एक नवी शक्ती सापडली आहे. कोळसा नको, आग नको. यंत्रात थोडं पाणी घालायचं, की दाबमापकाचा काटा चौरस इंचाला हजारो पौंडांवर जायचा. जाड दोर तुटायचे, लोखंडी कांबी वाकायच्या. पाहणारे थक्क व्हायचे. न्यूयॉर्कच्या धनिकांनी पैसा घातला आणि कीली मोटर कंपनी उभी राहिली.

शेअर विकले गेले, पण विकता येईल असं इंजिन काही बाहेर आलं नाही. दरवेळी यंत्र नवं, नाव नवं आणि मुदतही नवी. पुढे तर तो व्हायोलिन वाजवून, नादकाटा छेडून यंत्र सुरू करू लागला. भागधारक कोर्टात गेले. गुपित सांगायला नकार दिल्यामुळे १८८८ मध्ये कोर्टाच्या अवमानाखाली त्याला तुरुंगात जावं लागलं. तरी दुकान बंद पडलं नाही, कारण एका कागद कारखानदाराच्या श्रीमंत विधवा क्लारा ब्लूमफील्ड मूर यांनी त्याला वर्षानुवर्षं पैसा पुरवला.

गंमत म्हणजे, काटा खोटं बोलत नव्हता. दाब खराच होता. प्रश्न एवढाच, की तो येतो कुठून? पण जागा कीलीची, यंत्र कीलीचं आणि चालवणाराही कीलीच. पाहुण्यांनी फक्त बघायचं. यंत्राला शक्ती पोचवणारी म्हणून एक बारीक तार तो दाखवायचा. ती तार नसून पोकळ नळी असावी आणि तिच्यातून दाबलेली हवा येत असावी, असा एका इंजिनिअरला संशय आला. तपासणी सोपी होती : तार कापून बघायची. कीलीने कापू दिली नाही. तेव्हा मूरबाईंनीही हात आखडता घेतला.

नोव्हेंबर १८९८ मध्ये कीली वारला. बाईंचा मुलगा क्लॅरेन्स याला पहिल्यापासून शंका होती. त्याने कीलीची जागा भाड्याने घेतली आणि इंजिनिअर, प्राध्यापक यांना सोबत घेऊन १८९९च्या जानेवारीत फरशा उखडल्या. खाली सुमारे ३ टन वजनाचा पोलादी गोळा निघाला. भिंतींत, जमिनीखाली नळ्या होत्या. काही ‘तारा’ खरोखरच पोकळ निघाल्या. ही सगळी करामत दाबलेल्या हवेची, असा निष्कर्ष तपासणाऱ्यांनी काढला. गोळा उघड्यावरच असायचा, असं सांगून त्याची बाजू घेणारे आजही आहेत. पण ते इंजिन पुन्हा कोणीच चालवून दाखवलं नाही.

धंद्यातला माणूस जाणतो, की हिशेब लिहिणाऱ्यानेच हिशेब तपासला तर त्या सहीला किंमत नसते. कीलीच्या भागधारकांनी काटा पाहिला, जमिनीखाली पाहिलं नाही. पाण्यावरची गाडी पुन्हा दारात येईल तेव्हा पैसे काढण्याआधी विचारायचं ते एवढंच : यंत्र आमच्या जागेत, आमच्या माणसांपुढे, तुमचा हात न लागता चालेल का?