राजवाडे यांची पायपीट

इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे हें नांव धुळ्याकडील आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यासच त्यांचा अंत झाला. मराठ्यांच्या इतिहासाचे जुने कागद मिळविणें हें त्यांचें जन्माचें काम. त्यासाठीं ते गांवोगांव हिंडले, पुष्कळदां पायींच.

आतां खानदेशचा वैशाख कसा असतो, हें आम्हीं तुम्हांस काय सांगावें? दुपारीं अंग भाजतें, आणि तिसऱ्या प्रहरीं एकाएकीं आभाळ काळें होऊन धूळ, वावटळ, वळीव, कधीं गाराही! भिजलेला माणूस शेकोटीपाशीं वाळतो. पण दप्तराची शाई एकदां पसरली, कीं तें लिहिणें कायमचें गेलें, कारण दुसरी प्रत बहुधा नसेच. गळक्या माळ्यावर कुजणारे रुमाल पुढच्या पावसाळ्याआधीं हातीं येणें म्हणूनच निकडीचें होतें.

वाईस मिळालेल्या पत्रांचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला. पानिपतापर्यंतचा पत्रव्यवहार त्यांत आहे. पुढें असे २२ खंड झाले. पुण्यास १९१० सालीं त्यांनीं भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें, पण तेथें त्यांचें फार काळ जमलें नाहीं. स्वभाव तापट होता, हें आम्ही लपवीत नाहीं. त्यांच्या मागें धुळ्यांत राजवाडे संशोधन मंडळ निघालें. त्यांचे कागद तेथें कोरडे आहेत.