साठ गोल आणि आठ पौंड

इंग्लिश फुटबॉलमध्ये विक्रम होतात आणि मोडतातही. मात्र १९२७-२८च्या मोसमात विल्यम राल्फ डीन ऊर्फ ‘डिक्सी’ डीन यांनी गाठलेला आकडा आजवर कोणालाही ओलांडता आलेला नाही. एव्हर्टन क्लबच्या या सेंटर फॉरवर्डने त्या एका मोसमात लीगच्या ३९ सामन्यांत ६० गोल केले. तेव्हा त्यांचे वय होते अवघे एकवीस वर्षे. प्रीमियर लीगचे सामने आज भारतातही घराघरांत पाहिले जातात आणि तेथील आघाडीच्या खेळाडूंचे कोट्यवधींचे करार बातमीचा विषय होतात. डीन यांच्या काळात मात्र खेळाडूला आठवड्याला आठ पौंडांपेक्षा जास्त पगार देण्यास लीगच्या नियमानेच मनाई होती. मैदानावरचे ऐश्वर्य आणि मैदानाबाहेरची चाकरी या दोन्हींच्या मधोमध डीन यांचे आयुष्य गेले.

डीन यांचा जन्म २२ जानेवारी १९०७ रोजी बर्कनहेड येथे झाला. मर्सी नदीच्या एका तीरावर लिव्हरपूल आणि दुसऱ्या तीरावर बर्कनहेड. गोदी आणि रेल्वेवर पोट असलेल्या कामगारांचे हे शहर. डीन यांचे वडीलही रेल्वेत नोकरीला होते. ते एव्हर्टनचे चाहते. मुलगा लहान असतानाच त्यांनी त्याला नदीपलीकडच्या गुडिसन पार्क मैदानावर सामना पाहायला नेले आणि तेव्हापासून एव्हर्टनकडून खेळण्याचे वेड मुलाच्या डोक्यात शिरले.

शाळा सुटली ती चौदाव्या वर्षी. पुढे रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये उमेदवारी सुरू झाली. इतर मुलांना नकोशी वाटणारी रात्रपाळी डीन यांनी आपणहून पत्करली, कारण त्यामुळे दिवस फुटबॉलसाठी मोकळा राहत असे. स्थानिक ट्रॅनमिअर रोव्हर्स क्लबने त्यांच्यातील गुण हेरले आणि जानेवारी १९२४ मध्ये, वयाची सतरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, ते लीगचा पहिला सामना खेळले. पुढच्या मोसमात त्यांनी तृतीय श्रेणीत २७ गोल केले. मोठ्या क्लबांच्या नजरा वळल्या, पण डीन यांच्या मनात एकच नाव होते. मार्च १९२५ मध्ये तीन हजार पौंड मोजून एव्हर्टनने त्यांना आपल्याकडे घेतले.

नियम बदलला, खेळ बदलला

डीन एव्हर्टनमध्ये आले त्याच वर्षी फुटबॉलच्या नियमांत एक दूरगामी बदल झाला. तोवर चेंडू पुढे टाकला जाताना आघाडीचा खेळाडू आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्यांचे किमान तीन खेळाडू असणे बंधनकारक होते. अन्यथा तो ऑफसाइड ठरे. चतुर बचावपटू या नियमाचा फायदा घेऊन आघाडीची कोंडी करीत. सामने कंटाळवाणे होऊ लागले होते. १९२५ मध्ये तीनाऐवजी दोन खेळाडूंची अट आली आणि गोलांचा पूर आला. प्रथम श्रेणीत १९२४-२५ मध्ये १,१९२ गोल झाले होते. पुढच्याच मोसमात ही संख्या १,७०३ वर गेली.

डीन यांच्या विक्रमाला या बदलाचा हातभार लागला, हे मान्य करावेच लागेल. पण ही सवलत एकट्या डीन यांना नव्हती, सर्वांनाच होती. नव्या नियमाच्या पहिल्या मोसमात ब्लॅकबर्न रोव्हर्सच्या टेड हार्पर यांनी ४३ गोल करून प्रथम श्रेणीत उच्चांक प्रस्थापित केला होता. दुसऱ्या मोसमात मिडल्सब्रोच्या जॉर्ज कॅमसेल यांनी ५९ गोल केले, परंतु ते द्वितीय श्रेणीत. डीन यांनी प्रथम श्रेणीचा उच्चांक एकदम सतरा गोलांनी मागे टाकला.

त्यापूर्वी त्यांचे खेळणेच नव्हे, जगणेही धोक्यात आले होते. १९२६च्या उन्हाळ्यात उत्तर वेल्समधील होलीवेलजवळ मोटारसायकलच्या अपघातात त्यांच्या कवटीला आणि जबड्याला जबर मार बसला. हा खेळाडू पुन्हा मैदानावर दिसेल का, याविषयी डॉक्टरांनाच शंका होती. ज्याचा खेळ डोक्यावर अवलंबून, त्याचीच कवटी फुटलेली. काही महिन्यांत डीन परतले आणि हेडरने गोल करू लागले. त्यांच्या डोक्यात धातूची पट्टी बसवली आहे, अशी दंतकथा त्यानंतर पसरली आणि कित्येक वर्षे टिकली.

डीन यांची उंची साधारण पाच फूट दहा इंच. म्हणजे ते फार उंच नव्हते. पण उडी घेण्याची वेळ त्यांना अचूक साधत असे. चेंडूवर नुसते डोके आपटण्याऐवजी मानेच्या झटक्याने त्याला हव्या त्या कोपऱ्यात धाडण्याची किमया त्यांच्याकडे होती. तेव्हाचा चेंडू चामड्याचा, वर वादीने शिवलेला. पावसात तो भिजला की दगडासारखा जड होई. अशा चेंडूला डोक्याने दिशा देणे हे धाडसाचेच काम होते. प्रतिस्पर्धी बचावपटूंच्या लाथा-धक्के त्यांनी भरपूर खाल्ले, परंतु प्रदीर्घ कारकिर्दीत पंचांना त्यांना ताकीद देण्याची वेळ आली नाही, असा त्यांचा लौकिक आहे.

तीन सामन्यांत नऊ गोल

१९२६-२७ मध्ये एव्हर्टनचा संघ बावीस संघांत विसावा आला होता. पुढच्या मोसमाकडून फारशी कोणाला आशा नव्हती. डीन यांनी मात्र पहिल्या नऊही सामन्यांत गोल केले. नवव्या सामन्यात मँचेस्टर युनायटेडविरुद्ध एव्हर्टनचे पाचही गोल त्यांचे होते. डावीकडून त्यांना चेंडू पुरवीत ते ॲलेक ट्रूप. चणीने लहान असलेल्या या स्कॉटिश विंगरचे क्रॉस आणि डीन यांचे डोके हे त्या संघाचे हुकमी अस्त्र होते. डीन यांच्या साठ गोलांच्या हिशेबात ट्रूप यांचा वाटा मोठा आहे.

मोसमाचे तीन सामने उरले तेव्हा डीन यांच्या नावावर ५१ गोल होते. कॅमसेल यांना मागे टाकण्यासाठी तीन सामन्यांत नऊ गोल हवे होते. ॲस्टन व्हिलाविरुद्ध दोन झाले. बर्नलीच्या मैदानावर चार झाले. आता आर्सेनलविरुद्धच्या अखेरच्या सामन्यात हॅटट्रिक आवश्यक होती.

५ मे १९२८ रोजी गुडिसन पार्कवर ४८ हजारांहून अधिक प्रेक्षक जमले. एव्हर्टनचे विजेतेपद आधीच निश्चित झाले होते, त्यामुळे सामन्याच्या निकालाची कोणाला पर्वा नव्हती. सर्वांचे डोळे एकाच खेळाडूवर होते. आर्सेनलचे नामवंत खेळाडू चार्ली बुकन यांचाही हा निरोपाचा सामना होता. आर्सेनलने पहिला गोल केला. डीन यांनी लगेच बरोबरी साधली आणि पाठोपाठ पेनल्टीवर दुसरा गोल केला. कॅमसेल यांच्याशी बरोबरी झाली होती. त्यानंतर मात्र वेळ सरत गेली, आर्सेनलने २-२ अशी बरोबरी साधली आणि तिसरा गोल काही होईना. अखेर सामना संपायला मोजकी मिनिटे उरली असताना ट्रूप यांनी कॉर्नरवरून चेंडू गोलसमोर टाकला. गर्दीतून डीन यांनी डोके वर काढले आणि चेंडू जाळ्यात गेला. साठावा गोल! आर्सेनलने शेवटी ३-३ अशी बरोबरी केली, पण त्याची नोंद घेण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते. एव्हर्टनच्या मोसमातील १०२ गोलांपैकी ६० एकट्या डीन यांचे होते.

त्या दिवशीच्या गर्दीचा ढोबळ हिशेब करण्याजोगा आहे. लीगच्या नियमानुसार प्रौढांसाठी किमान तिकीट एक शिलिंग होते. सर्वांनी एवढेच पैसे मोजले असे धरले, तरी क्लबच्या गल्ल्यात सुमारे २,४०० पौंड जमा होतात. मैदानावर उतरलेल्या अकरा खेळाडूंचा त्या आठवड्याचा मूळ पगार ८८ पौंडांपेक्षा जास्त नव्हता. १९२२ पासून कमाल पगार मोसमात आठ पौंड आणि उन्हाळ्यात सहा पौंड असा ठरलेला होता. सामान्य कामगाराच्या कमाईच्या तो दुपटीहून अधिक असल्याने खेळाडू गरीब होते असे म्हणता येणार नाही. मात्र साठ गोल करणारा आणि साधारण खेळणारा यांना एकाच मापाने मोजले जाई. शिवाय करार संपल्यावरही क्लबच्या संमतीविना दुसरीकडे जाता येत नसे. डीन यांच्यासाठी एव्हर्टनने ट्रॅनमिअरला दिलेली रक्कम ही खुद्द डीन यांच्या साडेसात-आठ वर्षांच्या पगाराइतकी होती.

पडझड आणि पुनरागमन

विक्रमानंतर दोनच वर्षांत एव्हर्टनची अवस्था दारुण झाली. दुखापतींमुळे डीन यांना अनेक सामने मुकावे लागले आणि १९३० मध्ये संघ तळाशी जाऊन द्वितीय श्रेणीत घसरला. डीन क्लबबरोबर राहिले. १९३०-३१ मध्ये त्यांनी ३९ गोल करून संघाला द्वितीय श्रेणीचे विजेतेपद आणि प्रथम श्रेणीतील जागा मिळवून दिली. त्यापुढच्याच वर्षी एव्हर्टन प्रथम श्रेणीचा विजेता ठरला. त्यातही डीन यांचे चाळीसहून अधिक गोल होते.

२९ एप्रिल १९३३ रोजी वेम्बलीवर एफए कपच्या अंतिम सामन्यात एव्हर्टनने मँचेस्टर सिटीला ३-० असे हरवले. कर्णधार होते डीन आणि तीनपैकी एक गोलही त्यांचा. अंतिम सामन्यात खेळाडूंच्या पाठीवर प्रथमच आकडे झळकले ते याच दिवशी. एव्हर्टनला १ ते ११ आणि सिटीला १२ ते २२ असे क्रमांक मिळाले. डीन यांच्या वाट्याला ९ आला. सेंटर फॉरवर्ड म्हणजे नऊ नंबर, हे समीकरण पुढे जगभर रूढ झाले.

इंग्लंडकडून डीन १६ सामने खेळले आणि त्यांत त्यांनी १८ गोल केले. १९२७ मध्ये पदार्पणाच्या वर्षीच त्यांनी ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर स्कॉटलंडविरुद्ध दोन्ही गोल करून इंग्लंडला २-१ असा विजय मिळवून दिला होता. एवढी सरासरी असूनही निवड समितीने त्यांना सोळाच संधी दिल्या.

१९३६ मध्ये त्यांनी स्टीव्ह ब्लूमर यांचा ३५२ लीग गोलांचा जुना विक्रम मागे टाकला. पण शरीर थकले होते. त्याच मोसमात एव्हर्टनने बर्नलीकडून टॉमी लॉटन या सतरा वर्षांच्या मुलाला घेतले. आपली जागा घेण्यासाठी हा मुलगा आला आहे, हे डीन यांनी ओळखले होते. तरीही त्यांनी त्याला हेडरचे बारकावे मनापासून शिकवले. लॉटन पुढे इंग्लंडचे सेंटर फॉरवर्ड झाले आणि १९३९ मध्ये एव्हर्टनच्या विजेतेपदात त्यांचा सिंहाचा वाटा होता.

मार्च १९३८ मध्ये डीन नॉट्स कौंटीकडे गेले. एव्हर्टनसाठी त्यांनी लीगच्या ३९९ सामन्यांत ३४९ आणि सर्व स्पर्धा मिळून ४३३ सामन्यांत ३८३ गोल केले होते. त्यानंतर काही काळ ते आयर्लंडच्या स्लायगो रोव्हर्सकडून खेळले आणि त्या संघाबरोबर तेथील कपच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचले. मग महायुद्ध आले आणि कारकीर्द संपली.

मैदानानंतर

युद्धानंतर डीन यांनी चेस्टर शहरात ‘डब्लिन पॅकेट’ नावाचा पब अनेक वर्षे चालवला. निवृत्त फुटबॉलपटूंचा तो नेहमीचा मार्ग होता. साठीच्या दशकात ते लिव्हरपूलमधील लिटलवुड्स कंपनीत पोर्टर म्हणून कामाला लागले. ही नोकरी त्यांना कंपनीचे मालक आणि एव्हर्टनचे अध्यक्ष जॉन मूअर्स यांच्यामुळे मिळाली. सामन्यांच्या निकालांवर पैसे लावण्याच्या ‘फुटबॉल पूल्स’ या व्यवसायावर ही कंपनी गबर झाली होती. ज्या खेळाने कंपनीला संपत्ती दिली, त्या खेळाचा सर्वांत मोठा गोलवीर तेथे साधी नोकरी करीत होता. डीन यांनी त्याबद्दल कधी गाऱ्हाणे मांडत बसल्याचे दिसत नाही. सहकाऱ्यांत ते लोकप्रिय होते. ‘डिक्सी’ हे टोपणनाव मात्र त्यांना फारसे रुचत नसे. जवळच्यांनी ‘बिल’ म्हणावे, असे त्यांना वाटे.

कमाल पगाराची मर्यादा जानेवारी १९६१ मध्ये, खेळाडूंच्या संघटनेने संपाचा इशारा दिल्यानंतर, रद्द झाली. डीन यांच्या पिढीला त्याचा उपयोग नव्हता. १९६४ मध्ये गुडिसन पार्कवर त्यांच्या मदतीसाठी सामना झाला. त्यांना खेळताना पाहिलेले आणि केवळ नाव ऐकलेले असे सुमारे ३६ हजार लोक त्याला आले आणि सात हजार पौंडांच्या आसपास निधी जमला. मैदान सोडून पाव शतक उलटल्यावर लाभलेली ही मिळकत होती.

उतारवयात प्रकृतीने साथ सोडली. १९७६ मध्ये त्यांचा उजवा पाय कापावा लागला. १ मार्च १९८० रोजी एव्हर्टन विरुद्ध लिव्हरपूल हा सामना पाहण्यासाठी ते गुडिसन पार्कवर गेले असताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि तेथेच त्यांचे निधन झाले. ते ७३ वर्षांचे होते.

२००१ मध्ये गुडिसन पार्कबाहेर त्यांचा पुतळा उभारण्यात आला आणि २००२ मध्ये इंग्लिश फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये पहिल्याच तुकडीत त्यांचा समावेश झाला. एव्हर्टनच्या पुरुष संघाने मे २०२५ मध्ये गुडिसन पार्कचा निरोप घेतला आणि तो मर्सीकाठच्या नव्या स्टेडियमकडे गेला. दरम्यान अनेक गोलवीर येऊन गेले. १९३०-३१ मध्ये ॲस्टन व्हिलाच्या ‘पोंगो’ वॉरिंग यांनी ४९ गोल केले, १९६०-६१ मध्ये चेल्सीच्या जिमी ग्रीव्ह्ज यांनी ४१, तर २०२२-२३ मध्ये मँचेस्टर सिटीच्या अर्लिंग हालांडने ३८ सामन्यांच्या मोसमात ३६. साठचा आकडा अजून सर्वांच्या पुढे आहे आणि तो गाठणाऱ्याला आठवड्याला मिळत होते आठ पौंड.