विश्लेषण : मातीतल्या मल्लाने ग्रीको-रोमनचे सुवर्ण कसे जिंकले?

हिंदकेसरी गणपतराव आंदळकर म्हटले की कोल्हापूरची तांबडी माती आठवते. पण त्यांचे सर्वांत मोठे आंतरराष्ट्रीय यश मॅटवरचे होते आणि तेही आपल्या तालमींत ज्याची परंपरा नव्हती अशा कुस्तीप्रकारातले.

आंदळकर कोण होते?
सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुक्यातल्या पुनवत गावी १५ एप्रिल १९३५ रोजी त्यांचा जन्म झाला. कुस्तीसाठी ते कोल्हापूरला आले आणि मोतीबाग तालमीत घडले. १९५९ मध्ये श्रीपती खंचनाळे हिंदकेसरी झाले होते. पुढच्याच वर्षी, १९६० मध्ये, आंदळकरांनी हा किताब पटकावला. सलग दुसऱ्यांदा मानाची गदा कोल्हापुरात घडलेल्या मल्लाकडे आली.

ग्रीको-रोमन कुस्ती वेगळी कशी?
पुणतांब्यापासून पुनवतपर्यंत कोणत्याही गावच्या जत्रेतला फड आठवा. पैलवान संधी मिळताच पट काढतो, टांग मारतो. फ्रीस्टाइलमध्येही पायांवरचे डाव चालतात. ग्रीको-रोमनमध्ये मात्र प्रतिस्पर्ध्याला कमरेखाली धरता येत नाही आणि डावासाठी स्वतःचे पायही वापरता येत नाहीत. उरते ते छातीला छाती भिडवून कव घालणे, उचलणे आणि फेकणे. त्यात मातीत कुस्ती चितपटीवर निकाली होते, तर मॅटवर वेळ ठरलेली असते आणि गुण मोजले जातात. म्हणजे मातीतल्या मल्लाला अर्धी शस्त्रे बाहेर ठेवूनच आखाड्यात उतरावे लागते.

जकार्तामध्ये काय घडले?
१९६२ च्या आशियाई स्पर्धा इंडोनेशियाची राजधानी जकार्ता येथे झाल्या. आंदळकर ९७ किलोवरील, म्हणजे सर्वांत वजनदार गटात दोन्ही प्रकारांत खेळले. ओळखीच्या वाटणाऱ्या फ्रीस्टाइलमध्ये त्यांना रौप्य मिळाले आणि अनोळखी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण. याच स्पर्धेत सांगली जिल्ह्यातल्याच कवठेपिरानच्या मारुती माने यांनी ९७ किलो गटात नेमके उलट केले : फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण, ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. भारताने त्या वर्षी कुस्तीत तीन सुवर्णपदके जिंकली. त्यातली दोन या एका जिल्ह्याच्या सुपुत्रांची होती. तिसरे मालवा यांचे.

टोकियो ऑलिंपिकचे काय?
१९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्येही आंदळकर दोन्ही प्रकारांत उतरले, पण पदक मिळाले नाही. ऑलिंपिकचा हेवीवेट गट आशियाई स्पर्धेहून फार वेगळा होता. ग्रीको-रोमनचे सुवर्ण हंगेरीच्या इस्तवान कोझ्मा यांनी, तर फ्रीस्टाइलचे सोव्हिएत संघाच्या अलेक्सांद्र इवानित्स्की यांनी जिंकले. वजनाला वरची मर्यादा नसलेल्या या गटात युरोपच्या मल्लांचा दबदबा होता.

निवृत्तीनंतर काय केले?
अर्जुन पुरस्काराचे मानकरी असलेले आंदळकर पुढे मोतीबाग तालमीचे वस्ताद म्हणून ओळखले गेले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या दादू चौगुले यांनी १९७४ च्या ख्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत हेवीवेट गटात रौप्यपदक मिळवले. १६ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात आंदळकरांचे निधन झाले.

हे सुवर्ण आजही महत्त्वाचे का?
खाशाबा जाधव यांच्या १९५२ च्या कांस्यपदकापासून २०२४ च्या पॅरिसपर्यंत भारताने ऑलिंपिक कुस्तीत आठ पदके मिळवली. ती सर्व फ्रीस्टाइलमधली आहेत. ग्रीको-रोमनमध्ये ऑलिंपिकची पाटी अजून कोरीच आहे. त्या प्रकारात, सर्वांत वजनदार गटात, साठ वर्षांहून अधिक काळापूर्वी मोतीबागेच्या एका मल्लाने आशिया जिंकला होता.