रंग आणि छाया

मुंबईतील परळ-लालबागचा भाग एके काळी गिरणगाव म्हणून ओळखला जाई. पहाटे गिरण्यांचे भोंगे वाजत, धुरांड्यांतून निघालेला धूर आकाशात पसरे आणि कामगारांचे थवे लगबगीने रस्त्यांवरून चालू लागत. कष्टकऱ्यांच्या या वस्तीतच १९४२ साली एक निराळाच कारखाना सुरू झाला. तेथे सूत निघत नसे, कापड विणले जात नसे. तेथे प्रकाश आणि छाया यांची चित्रे विणली जात. या कारखान्याचे नाव राजकमल कलामंदिर आणि त्याचे संस्थापक व्ही. शांताराम. चित्र रंगीत असावे की कृष्णधवल, हा प्रश्न या थोर कलावंताच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा उभा राहिला आणि प्रत्येक वेळी त्यांनी त्याचे उत्तर नव्याने शोधले.

शांताराम राजाराम वणकुद्रे यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०१ रोजी कोल्हापूर येथे झाला. घरची परिस्थिती बेताची होती. लहानपणी काही काळ ते गंधर्व नाटक मंडळीत होते. पुढे हुबळीस त्यांनी रेल्वेच्या कारखान्यात काम केले आणि तेथील एका चित्रपटगृहात पडेल ते काम करता करता पडद्यावरील हलत्या चित्रांची ओढ त्यांच्या मनात रुजली. कोल्हापुरास परतल्यावर ते बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दाखल झाले.

बाबूराव पेंटर हे मूळचे चित्रकार. नाटकांचे भव्य पडदे रंगविण्यात त्यांचा हातखंडा होता. परंतु मूकपटांच्या त्या काळात त्यांना आपले रंग बाजूला ठेवावे लागले, कारण चित्रफितीला रंगांची ओळख नव्हती. पडद्यावर काळा, पांढरा आणि या दोहोंमधील करड्या छटा एवढेच उतरत असे. तांबडा शालू आणि हिरवा शालू डोळ्यांना कितीही भिन्न दिसोत, फितीवर ते एकसारखेच काळपट दिसण्याचा संभव असे. म्हणून दिग्दर्शकाला वस्तूचा रंग विसरून तिच्यावर पडणारा उजेड पाहावा लागे. कोणता चेहरा प्रकाशात ठेवावा, कोणता अंधारात सोडावा, हे ठरवावे लागे. पडेल ते काम अंगावर घेणाऱ्या तरुण शांतारामांनी हे शिक्षण याच शाळेत घेतले.

१९२९ साली विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांच्यासह शांतारामबापूंनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीची स्थापना केली. दोनच वर्षांनी मुंबईत गिरगावच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ हा हिंदुस्थानातील पहिला बोलपट झळकला आणि मुक्या पडद्याला वाचा फुटली. लगेच १९३२ साली प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट मराठीत आणला. पडदा बोलू लागला होता. आता तो रंगीतही व्हावा, अशी ईर्ष्या शांतारामबापूंच्या मनात निर्माण झाली.

त्यासाठी त्यांनी कथा निवडली ती कीचकवधाची. याच कथेवर बाबूराव पेंटरांनी १९२० साली ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला होता. गुरूने करड्या छटांत दाखविलेली सैरंध्री शिष्य रंगांत दाखवू पाहत होता. रंगीत फितीवर आवश्यक ते संस्कार करण्याची सोय त्या वेळी आपल्या देशात नव्हती. म्हणून शांतारामबापू चित्रपट घेऊन जर्मनीस गेले. खर्च मोठा होता आणि आशाही मोठी होती. परंतु रंगीत छपाईची कला तेव्हा बाल्यावस्थेत होती. त्या काळच्या द्विरंगी पद्धतींत एका फितीवर तांबूस छटा आणि दुसरीवर निळसर-हिरव्या छटा टिपल्या जात आणि त्या दोहोंच्या मिश्रणातून बाकीचे सारे रंग साधावे लागत. साहजिकच अनेक रंग आपल्या खऱ्या रूपात उतरत नसत. ‘सैरंध्री’चे रंग मनासारखे साधले नाहीत. १९३३ साली प्रदर्शित झालेला हा चित्रपट अपेक्षित यश मिळवू शकला नाही. पुढे १९३७ साली मुंबईच्या इंपीरिअल फिल्म कंपनीने ‘किसान कन्या’ हा रंगीत बोलपट काढला आणि देशातील पहिल्या रंगीत बोलपटाचा मान इतिहासाने त्यालाच दिला.

एखादा मनुष्य अशा अपयशाने खचून गेला असता किंवा हट्टाने पुन्हा रंगांच्याच मागे लागला असता. शांतारामबापूंनी दोन्ही टाळले आणि ते पुन्हा छाया-प्रकाशाकडे वळले. प्रभातचे पुण्यास स्थलांतर झाल्यावर १९३४ साली त्यांनी ‘अमृतमंथन’ हा कृष्णधवल चित्रपट काढला. त्यात नरबळीचा आग्रह धरणाऱ्या राजगुरूचा एकच डोळा साऱ्या पडद्यावर व्यापून राहतो. त्या डोळ्यातील क्रौर्य प्रेक्षकांच्या मनात भरण्यास कोणत्याही रंगाची गरज पडली नाही. त्यानंतरचे ‘कुंकू’, ‘माणूस’ आणि ‘शेजारी’ हे चित्रपटही कृष्णधवलच होते. ज्या चित्रपटाचे नावच ‘कुंकू’, त्यात कुंकवाचा लाल रंग मुळीच दिसत नाही. तथापि त्या कुंकवाचा अर्थ आणि त्याखाली दबलेल्या स्त्रीचे दुःख प्रेक्षकांपर्यंत पोचले.

१९४२ साली शांतारामबापूंनी प्रभात सोडली आणि ते मुंबईस आले. परळ येथे वाडिया मूव्हीटोनच्या जागेत त्यांनी आपली नवी संस्था उभारली. वडील राजाराम आणि आई कमल यांच्या नावांवरून तिचे नाव राजकमल असे ठेविले. ‘शकुंतला’, ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’, ‘लोकशाहीर रामजोशी’ आणि ‘अमर भूपाळी’ हे गाजलेले चित्रपट याच संस्थेने दिले.

‘सैरंध्री’ला बावीस वर्षे लोटल्यावर, १९५५ साली, शांतारामबापूंनी रंगांना पुन्हा हात घातला. ‘झनक झनक पायल बाजे’ हा नृत्यप्रधान चित्रपट त्यांनी टेक्निकलर पद्धतीने काढला. रंगीत फितीला त्या काळी विपुल प्रकाश लागे. वेषभूषा, देखावे आणि भिंती यांचे रंग परस्परांशी जुळवून घ्यावे लागत. एखादा भडक पडदा नर्तकाकडचे लक्ष वेधून घेऊन सारा परिणाम बिघडवू शके. या चित्रपटाचा विषय नृत्य हाच असल्यामुळे रंग हे त्याचे अंगच होते. गोपीकृष्ण आणि संध्या यांची नृत्ये पाहून प्रेक्षक मुग्ध झाले. चित्रपटाला अपूर्व यश लाभले आणि जुन्या अपयशाचे शल्य दूर झाले.

आता रंगीत चित्रपटांची वाट मोकळी झाली होती. पाठोपाठ तसाच आणखी एक चित्रपट काढला असता तर कोणालाही नवल वाटले नसते. परंतु शांतारामबापूंच्या हाती पुढची कथा आली ती तुरुंगातील कैद्यांची. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे खुल्या तुरुंगाचा एक प्रयोग झाला होता. त्यावरून ग. दि. माडगूळकरांनी ही कथा लिहिली होती. खुनाच्या गुन्ह्यासाठी शिक्षा भोगणारे सहा कैदी, त्यांच्यावर विश्वास टाकणारा एक तुरुंगाधिकारी, उजाड जमीन आणि तिच्यात गाळलेला घाम, एवढेच तिचे साहित्य. या कथेला सजावटीची गरज नव्हती. तिला हवे होते ते रापलेले चेहरे, भेगाळलेली भुई आणि मनातील काळोखातून उजेडाकडे होणारा प्रवास. म्हणून १९५७ साली आलेला ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट त्यांनी कृष्णधवल काढला. मिळालेल्या यशाचा मोह बाजूला सारून केलेली ही निवड सोपी नव्हती.

या चित्रपटाची त्यांना मोठी किंमत मोजावी लागली. तुरुंगाधिकाऱ्याची भूमिका ते स्वतःच करीत होते. एका उन्मत्त बैलाशी झुंज देण्याच्या प्रसंगाचे चित्रण चालू असता त्यांच्या डोळ्यांना जबर दुखापत झाली. डोळ्यांवर पट्ट्या बांधून त्यांना पडून राहावे लागले. ज्याचे सारे जीवन पाहण्यात आणि दाखविण्यात गेले, त्याच्यापुढे आता केवळ अंधार होता आणि दृष्टी परत येईल की नाही, ही चिंता होती. सुदैवाने दृष्टी परत आली. चित्रपटास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि १९५८ साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवातही त्याचा गौरव झाला.

डोळे मिटलेल्या त्या दिवसांत शांतारामबापूंच्या मनःचक्षूंपुढे रंगांची सृष्टी उभी राहिली होती. तिच्यातूनच १९५९ साली ‘नवरंग’ हा रंगीत चित्रपट जन्माला आला. त्याच्या आरंभी ते स्वतः पडद्यावर येऊन ही हकीकत प्रेक्षकांना सांगतात. ‘नवरंग’चा नायक कवी आहे. त्याचा संसार चारचौघांसारखाच, परंतु त्याच्या कल्पनेतील जग नाना रंगांनी नटलेले. ते जग दाखवायचे तर रंग हवेतच होते. पुढे १९७२ साली आलेल्या ‘पिंजरा’ या मराठी चित्रपटातही त्यांनी रंगांचा असाच जाणीवपूर्वक उपयोग केला. तमाशाच्या झगमगत्या रंगांसमोर शुभ्र वस्त्रांतील मास्तर उभा राहतो, तेव्हा त्याच्या मनातील संघर्ष शब्दांवाचूनच कळतो.

दादरचे प्लाझा चित्रपटगृहही शांतारामबापूंच्या संस्थेकडे होते. १९८५ सालासाठीचा दादासाहेब फाळके पुरस्कार देऊन राष्ट्राने त्यांचा सन्मान केला. १९९० च्या ऑक्टोबर महिन्यात मुंबईत त्यांचे निधन झाले. मरणोत्तर त्यांना पद्मविभूषण ही पदवी देण्यात आली.

रंगीत चित्र श्रेष्ठ की कृष्णधवल, असा वाद अनेकदा होतो. शांतारामबापूंनी तो वाद कधी एकदाचा मिटविला नाही. नवी कथा हाती आली की तिला काय हवे आहे, हे ते प्रथम पाहत. नर्तकाच्या पायांतील घुंगरांना त्यांनी रंगांची साथ दिली आणि कैद्याच्या डोळ्यांतील पश्चात्तापाला छाया-प्रकाशाची. साधन नवे आहे म्हणून ते त्याला भुलले नाहीत आणि जुने आहे म्हणून त्यांनी ते टाकूनही दिले नाही. परळच्या त्या कारखान्यातून बाहेर पडलेली चित्रे आजही लोक आवडीने पाहतात, याचे एक कारण त्यांच्या या विवेकात आहे.