न्यायमूर्ती रानडे आणि एक निबंध

गणेशोत्सव आला की लोकमान्यांची आठवण निघतेच. यंदा मात्र त्यांच्या आधीच्या पिढीतील न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याविषयी लिहावेसे वाटले.

रानड्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाडला झाला. बालपण कोल्हापुरात गेले. पुढे ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि १८६२ मध्ये बी.ए. झाले. कॉलेजात असताना त्यांनी एका निबंधात इंग्रजी राज्याची तुलना मराठ्यांच्या राज्याशी केली आणि मराठ्यांना झुकते माप दिले. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट रागावले. रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद झाली. निबंधात चूक असेल तर गुण कमी करावेत. शिष्यवृत्ती थांबवणे ही मताला दिलेली शिक्षा होती.

१८७१ मध्ये ते न्यायाधीश म्हणून पुण्यास आले. सार्वजनिक सभेतील त्यांचे काम सरकारला खुपू लागले. १८७८ मध्ये नाशिकला आणि १८७९ मध्ये धुळ्याला बदली झाली. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचा तो काळ. धुळ्यात रानड्यांची पत्रेही फोडून वाचली जात. आम्हा सरकारी नोकरांना अशा बदलीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. रानड्यांनी ना नोकरी सोडली, ना लेखणी. १८९३ मध्ये तेच हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. मुंबई विद्यापीठाच्या उच्च परीक्षांत मराठी व इतर देशी भाषांना स्थान मिळावे म्हणून ते अखेरपर्यंत झटले.

१९०० मध्ये त्यांचा मराठी सत्तेच्या उदयावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. मराठ्यांचा उदय हा लुटारूंचा योगायोग नव्हता, त्यामागे संतांनी घडवलेली लोकजागृती होती, असे त्यांनी त्यात मांडले. ज्या विषयापायी विद्यार्थीदशेत शिष्यवृत्ती गेली, त्याच विषयावर सुमारे चाळीस वर्षांनी ग्रंथ आला. १६ जानेवारी १९०१ रोजी ते गेले.

आपली ग्वाल्हेरची मराठी घराणी याच इतिहासातून इकडे आली. थाटीपुरातली आपली मुले आज इथल्याच कॉलेजांत आणि जिवाजी विद्यापीठात शिकतात. सरकार कोणाचेही असो, काय शिकवावे आणि काय लिहावे हे वरून आलेल्या फोनने ठरू लागले, तर पदव्या मिळतील, रानडे मिळणार नाहीत. आपल्या मुलाने शिक्षकांना न पटणारा निबंध लिहिला, तर घरी त्याला रागावण्याआधी आपण तो एकदा वाचून पाहावा. बुद्धिदात्या गणरायाच्या उत्सवात एवढे ठरवले तरी पुष्कळ.

गणपती बाप्पा मोरया!