कर्मवीर दादासाहेब आणि आमचा सातबारा

भिवंडीत यंत्रमागावर राबणाऱ्या आपल्या माणसाला गाव विचारा. नाव सांगेल, सातबारा नसेल. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी हे दुखणे ओळखले होते. १९०२ साली दिंडोरी तालुक्यातील आंबे गावी ते जन्मले. १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात बाबासाहेबांचे खंदे शिलेदार ठरले. १९५७ ला लोकसभेत गेले, तरी भूमिहीनांतच राहिले. १९५९ व १९६४ साली पडीक, गायरान जमिनींसाठी सत्याग्रह झाले; बायाबापड्या लेकरांसह तुरुंगात गेल्या. गावकुसाबाहेर ठेवलेल्यांना गावाच्या मातीचे प्रेम शिकवणाऱ्यांनी आधी ती माती त्यांच्या नावावर करावी, असे आमचे मत आहे. १९७१ मध्ये दादासाहेब गेले. गायरानावरील अतिक्रमणाच्या नोटिसा घेऊन माणसे आजही आम्हा वकिलांकडे येतात.