बाटलीवरचे नाव

पावसाळ्यातली दुपार. भंडारा जिल्ह्यात धानाची रोवणी ऐन भरात आलेली असते. गुडघाभर चिखलात वाकून सकाळपासून पऱ्हे रोवणाऱ्या बायांच्या अंगातून घामाच्या धारा वाहत असतात. त्यातच गावात हगवणीची साथ आली, तर पाहायलाच नको. कालपर्यंत बांधीत हसत-बोलत काम करणारी बाई आज डोळे खोल गेलेल्या अवस्थेत साकोलीच्या नाहीतर पवनीच्या रुग्णालयात खाटेवर असते. पायात गोळे आलेले असतात, नाडी हाताला लागत नसते. मग नर्सबाई लगबगीने येतात, हाताची शीर शोधतात आणि लोखंडी दांड्याला एक बाटली अडकवतात. नातेवाईक बाहेर फोन करून सांगतात, सलाईन लावली. उशाशी बसलेला मुलगा थेंब मोजत राहतो. एक थेंब, दुसरा थेंब. तासा-दोन तासांत आईच्या चेहऱ्यावर जीव येतो.

त्या बाटलीवर बऱ्याचदा दोन शब्द छापलेले असतात, रिंगर लॅक्टेट. डॉक्टर मंडळी तिला घाईत आर. एल. म्हणतात. जगातल्या कोट्यवधी रुग्णांच्या उशाशी टांगले गेलेले हे नाव ज्यांचे, ते डॉ. सिडनी रिंगर मात्र विस्मृतीच्या पडद्याआड गेले. आणि त्यांच्या हातून लागलेल्या सर्वांत मोठ्या शोधाची सुरुवात झाली होती एका चुकीने!

नॉरविचचा मुलगा

इंग्लंडच्या पूर्व भागातल्या नॉरविच गावात १८३५ साली सिडनी रिंगर यांचा जन्म झाला. वडील मुले लहान असतानाच वारले. तीन भावांपैकी दोघांनी नशीब काढायला थेट पूर्वेची वाट धरली. जॉन शांघायला व्यापारात शिरला, तर फ्रेडरिक जपानमधील नागासाकीत जाऊन मोठा व्यापारी झाला. त्याचे तिथले घर आजही पर्यटक पाहतात आणि त्याच्या नावावरून पुढे जपानमध्ये शेवयांच्या खाणावळींची एक मोठी साखळीसुद्धा निघाली. दोघा भावांनी समुद्र ओलांडले. सिडनी मात्र १८५४ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात वैद्यक शिकायला आले ते तिथलेच झाले. १८६० साली पदवी मिळाली, १८६३ साली एम. डी. झाले आणि १९०० साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी ते कॉलेज आणि त्याला जोडलेले रुग्णालय सोडले नाही.

डॉक्टर म्हणून त्यांचा लौकिक मोठा होता. क्षयरोग्याच्या अंगातला ताप रोज थर्मामीटरने मोजून त्यावरून रोगाचे निदान करता येते, हे सांगणारे पुस्तक त्यांनी १८६५ साली लिहिले. त्या काळात थर्मामीटर ही घरोघरची वस्तू नव्हती. १८६९ साली त्यांचा औषधोपचारांवरील ग्रंथ निघाला आणि १८९७ पर्यंत त्याच्या तेरा आवृत्त्या निघाल्या. एवढा जम बसल्यावर दुसरा कोणी गाडी-घोडे आणि श्रीमंत रोगी यांतच रमला असता. रिंगर यांचे मन मात्र कॉलेजच्या शरीरशास्त्र प्रयोगशाळेत होते. वॉर्डातले रोगी तपासायचे, विद्यार्थ्यांना शिकवायचे आणि मधल्या वेळात प्रयोगशाळा गाठायची, असा त्यांचा नेम वर्षानुवर्षे चालला. स्वभाव अबोल, शिष्यांचा गोतावळा नाही, सभा-संमेलनांची हौस नाही.

बेडकाचे हृदय

रिंगर यांना पडलेला प्रश्न साधा होता. रक्तातल्या कोणत्या पदार्थामुळे हृदय चालते?

आपल्याकडे पहिला पाऊस पडला की धानाच्या बांध्यांतून ज्याचा गलका सुरू होतो, त्या बेडकाचे हृदय या कामी उपयोगी पडले. बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढले, तरी योग्य द्रावणात ते धडधडत राहते. एके काळी अकरावी-बारावीच्या जीवशास्त्राच्या वर्गात ज्यांनी हे पाहिले, त्यांना ते दृश्य विसरता आलेले नाही. रिंगर यांनी रक्ताऐवजी मिठाचे पाणी या हृदयातून वाहते ठेवले आणि त्यात एकेक पदार्थ घालून, काढून परिणाम पाहायला सुरुवात केली. १८८२ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. साधे मीठ आणि त्यात पोटॅशियमच्या क्षाराची किंचित मात्रा असली की हृदय व्यवस्थित चालते, असा त्याचा मथितार्थ होता.

आणि मग घोटाळा झाला. तेच मीठ, तेच प्रमाण, तशीच हृदये. पण आता ती चालेनात. थोडा वेळ धडधडायची, ठोके मंदावायचे आणि हृदय थांबायचे. रिंगर चक्रावले. मीठ तपासले, मापे तपासली. अखेर चूक सापडली ती पाण्यात. द्रावण शुद्ध, म्हणजे डिस्टिल्ड पाण्यात केलेले असायला हवे होते. पण आधीच्या प्रयोगांतले द्रावण साध्या नळाच्या पाण्यात केलेले निघाले. प्रयोगशाळेतल्या मदतनिसाने पाणी उकळून, वाफ गोळा करून थेंब थेंब साठवण्याचा खटाटोप टाळला आणि सरळ नळ सोडला, अशी हकिकत नंतरच्या पिढीतले प्रसिद्ध शास्त्रज्ञ हेन्री डेल सांगत असत.

त्या नळाला न्यू रिव्हर कंपनीचे पाणी येत असे. न्यू रिव्हर ही नावाची नदी, प्रत्यक्षात १६१३ साली खुला झालेला कालवा. मालगुजारी तलावांच्या आणि पाटांच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको, की पाणी ज्या भूमीतून येते तिचा अंश सोबत घेऊन येते. लंडनच्या उत्तरेकडचे हे झरे खडूच्या दगडांतून उगम पावतात. खडू म्हणजे कॅल्शियमचा क्षार, एक प्रकारचा चुनाच. आपल्याकडेही काही विहिरींचे पाणी जड असते. त्यात डाळ शिजता शिजत नाही आणि पाणी तापवायच्या पितळी बंबाच्या तळाशी पांढरा थर साचतो. लंडनच्या त्या पाण्यात दहा लाख भागांत सुमारे ३८ भाग कॅल्शियम होते. ते इतके थोडे, की चवीलाही कळू नये. पण बेडकाच्या हृदयाला ते कळले होते!

रिंगर यांनी डिस्टिल्ड पाण्यातल्या द्रावणात कॅल्शियमचा अंश घातला आणि थांबत आलेले हृदय पुन्हा धडधडू लागले. मात्र नुसत्या कॅल्शियमने भागेना. तेव्हा हृदय आवळलेलेच राही, नीट सैल होत नसे. पोटॅशियमची जोड दिली की आकुंचन आणि प्रसरण दोन्ही सुरळीत होई. पोटॅशियम जास्त झाले, तर हृदय बंद! सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियम यांचा मेळ जमला की शरीराबाहेर काढलेले ते चिमुकले हृदय तासनतास चालत राही.

चूक कबूल करणारा माणूस

इथे रिंगर यांनी जे केले, त्यासाठी त्यांना खरा मुजरा केला पाहिजे. मागचा निबंध छापून झाला होता. नवा शोध वेगळा म्हणून मांडून मागचे झाकून टाकणे अवघड नव्हते. मदतनिसाला सर्वांसमोर दोषी ठरवणेही सोपे होते. रिंगर यांनी यातले काहीही केले नाही. १८८३ सालच्या निबंधाच्या आरंभीच त्यांनी सांगून टाकले, की आपल्या आधीच्या प्रयोगांतले द्रावण नळाच्या पाण्यात केलेले होते आणि त्यामुळे आपण काढलेले निष्कर्ष बदलावे लागत आहेत. त्या पाण्यात काय काय होते, याचा तक्ताच त्यांनी सोबत छापला. अशा अडचणीच्या वेळी शास्त्रज्ञाची पारख होते.

पुढे त्यांनी मासे घेतले. डिस्टिल्ड पाण्यात ठेवलेले मासे काही तासांत मरत, नळाच्या पाण्यात मात्र ते दिवसच्या दिवस जगत. शुद्ध पाणी जिवाला चांगले, असे आपण समजतो. पण शुद्धतेची परिसीमा झाली की तेच पाणी जीव घेते! दूध फाटण्यात कॅल्शियमचा वाटा काय, यावरही त्यांनी काम केले. १८८५ साली रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले.

पेशीच्या उंबरठ्यावर

रिंगर क्षारांविषयी बोलत होते. आयन ही कल्पना आज ज्या अर्थाने आपण वापरतो, ती तेव्हा रुजायची होती. मीठ पाण्यात विरघळले की त्याचे विद्युतभार असलेले कण सुटे होतात, हा सिद्धांत स्वीडनचे स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८०च्या दशकातच मांडला आणि त्यांना १९०३ साली नोबेल मिळाले. हे सुटे कण म्हणजे आयन. रिंगर यांच्या बेडकाचे हृदय ज्यांच्या जोरावर चालत होते, ते हेच.

त्यांचे काम कसे चालते, हे उलगडायला पुढची सत्तर-ऐंशी वर्षे लागली. आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी म्हणजे पातळ पडद्याने वेढलेला पाण्याचा थेंब आहे, असे समजा. थेंबाच्या आत पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडे. बाहेर, रक्तात आणि पेशींभोवतीच्या द्रवात, नेमके उलट. म्हणून तर रक्ताची चव खारट! आत पोटॅशियम बाहेरच्या सुमारे तीसपट असते. कॅल्शियमचा प्रकार तर याहून टोकाचा आहे. पेशीच्या आत मोकळे कॅल्शियम बाहेरच्या दहा हजारांश इतकेच असते.

ही विषमता आपोआप टिकत नाही. बोडी फुटली की पाणी जसे खालच्या बांधीत धाव घेते, तसे हे आयनही जास्तीकडून कमीकडे धावू पाहतात. त्यांना रोखण्यासाठी पेशीच्या पडद्यात पंप बसवलेले असतात. हा पंप दर खेपेला तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत ओढतो. डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी १९५७ साली तो शोधून काढला आणि त्याबद्दल त्यांना १९९७ साली नोबेलचा वाटा मिळाला. आपण गाढ झोपलेले असतो तेव्हाही हे पंप चालू असतात. खाल्लेल्या अन्नातल्या शक्तीचा मोठा हिस्सा यांनाच लागतो.

एवढी ऊर्जा खर्चून हा साठा कशाला सांभाळायचा? कारण निरोप द्यायचा झाला, की पेशी दार उघडते. सोडियम आत घुसते, वीज निर्माण होते आणि ती मज्जातंतूतून, हृदयाच्या स्नायूतून धावते. हृदयात त्यामागोमाग कॅल्शियम आत येते आणि स्नायू आकुंचन पावतो. मग कॅल्शियम बाहेर हाकलले जाते, पोटॅशियम बाहेर पडून वीज शांत होते आणि हृदय सैल पडते. एक ठोका पुरा झाला. हातापायाच्या स्नायूंना कॅल्शियमचा साठा पेशीच्या आतच असतो; बेडकाच्या हृदयाला मात्र तो प्रत्येक ठोक्याला बाहेरून घ्यावा लागतो. रिंगर यांनी पायाचा स्नायू निवडला असता, तर नळाच्या पाण्याचे गुपित कदाचित इतक्या लवकर उघडे पडले नसते.

लास्टिंगहॅमचे दिवस

कर्तबगार माणसालाही घरचे दुःख चुकत नाही. रिंगर यांची लेक ॲनी लहानपणीच गेली. त्यांची पत्नी ॲन यॉर्कशायर भागातली. तिथल्या लास्टिंगहॅम गावात एक अतिशय जुने चर्च आहे. लेकीच्या स्मरणार्थ रिंगर यांनी पदरचे पैसे घालून त्या चर्चचा जीर्णोद्धार केला. ते काम १८७९ साली झाले. बेडकाच्या थांबलेल्या हृदयाला पुन्हा चालवणारा प्रयोग त्यानंतर तीन-चार वर्षांनी झाला. या दोन गोष्टींचा संबंध जोडण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण दिवसा प्रयोगशाळेत त्या धडधडीकडे टक लावून पाहणारा माणूस एक दुखावलेला बापही होता, हे विसरता येत नाही.

१८९९ साली पत्नी गेली. पुढच्या वर्षी निवृत्त होऊन रिंगर लास्टिंगहॅमलाच राहायला गेले. १४ ऑक्टोबर १९१० रोजी त्यांनी तिथेच शेवटचा श्वास घेतला. चर्चच्या आवारात पत्नी आणि लेकीच्या सोबतीने ते विसावले आहेत.

थेंब थेंब

रिंगर यांनी हे द्रावण रोग्यांसाठी बनवले नव्हते. शिरेतून खारे पाणी देण्याचा प्रयोग स्कॉटलंडच्या टॉमस लॅटा यांनी १८३२ सालच्या पटकीच्या साथीत करून पाहिला होता. पण तो मागे पडला. १९३०च्या दशकात अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ अलेक्सिस हार्टमन यांनी रिंगर यांच्या द्रावणात लॅक्टेटची भर घातली. जुलाबाने बेजार झालेल्या मुलांच्या रक्तात आम्लता वाढते. यकृत या लॅक्टेटपासून आम्लता कमी करणारा पदार्थ बनवते. अशी आजची बाटली तयार झाली.

अर्ध्या लिटरच्या त्या बाटलीत मीठ साधारण तीन ग्रॅम, पोटॅशियमचा क्षार ग्रॅमचा पाचवा हिस्सा आणि कॅल्शियमचा त्याहूनही कमी असतो. हा चिमूटभर ऐवज किती प्रभावी, याचा एक दाखला रुग्णालयातच दिसतो. रक्ताची पिशवी लावताना नर्सबाई त्याच नळीतून आर. एल. देत नाहीत. रक्त गोठू नये म्हणून पिशवीत कॅल्शियमला धरून ठेवणारा पदार्थ घातलेला असतो. बाटलीतले कॅल्शियम त्यात मिसळले, तर रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात.

बाटलीची वेळ येऊ नये, हे सर्वांत उत्तम. घामाने आणि जुलाबाने पाण्यासोबत क्षारही जातात, म्हणून नुसते पाणी पीत राहून भागत नाही. जुलाब लागताच सरकारी दवाखान्यात मिळणारी ओआरएसची पुडी सांगितलेल्या मापाच्या पाण्यात विरघळवून घोट घोट द्यावी. माप चुकवू नये. प्रमाणाला किती महत्त्व असते, हे बेडकाच्या हृदयाने आपल्याला शिकवलेच आहे. आणि तोंडाने काही टिकत नसेल, लघवी थांबली असेल, तर रुग्णालय गाठायला उशीर करू नये.

संध्याकाळ होते. साकोलीच्या त्या खाटेवरची आई उठून बसते, चहा मागते. बांधीत उरलेल्या पऱ्ह्यांची चौकशी करते. रिकामी बाटली काढून टोपलीत टाकली जाते. तिच्यावरचे नाव वाचायची सवड कोणाला नसते आणि आईला बरे वाटले असताना ती असावी तरी कशाला? अबोल रिंगर यांना ते चालले असते.